जमीन सोडा म्हणून दमदाटी चालूय, प्रार्थना करतोय पण हिंमत खचतेय

गोदाकाठ७७:
नाशिकजवळ मखमलाबादला आजोबांची 11 गुंठे जमीन आहे, आजूबाजूचं सगळं एका बिल्डरने घेतलंय, मधे आमचाच तुकडा राहिलाय. महिना झाला, पांढरी स्कॉर्पिओ फाटकासमोर येऊन थांबते, उतरत कोणी नाही, काच खाली करून मोठ्याने विचारतात काय शेठ ठरलं का, पोरगी कितवीला आहे आता. परवा वकिलाची नोटीसपण आली. काका म्हणतात देऊन टाक, मोठ्या लोकांशी वैर नको. आम्ही चर्चला जाणारे, रोज प्रार्थना करतो पण गाडीचा आवाज आला की छातीत धस्स होतं. माझाच विश्वास कमी पडतोय का?

शरणपूरची_मावशी:
अरे बाळा, धस्स होणारच. बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचे 18 आणि 19 अध्याय सावकाश वाच. अश्शूरच्या राजाचा अधिकारी रब्शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून बोलतो, राजाची माणसं विनवतात बाबा अरामी भाषेत बोल, तर तो मुद्दाम यहूद्यांच्याच भाषेत ओरडतो, तटावर बसलेल्यांना कळावं म्हणून. वर टोमणा, 2000 घोडे देतो, बसायला स्वार आहेत का! तुझे स्कॉर्पिओवालेपण तुला नाही, घरातल्यांना ऐकवतायत. यरुशलेमचा राजा हिज्कीया, त्याने लोकांना सांगून ठेवलं होतं, उत्तर देऊ नका. आणि धमकीचं पत्र आलं ते मंदिरात नेऊन देवापुढे उलगडून ठेवलं. तुझी नोटीस ठेव तशी एकदा.

निफाडकर:
मावशी बरोबर, पण देवापुढे ठेवून झाली की वकिलाकडेपण ने भाऊ, मुदत निघून जाते. ताजा सातबारा काढ, फेरफार बघ, गाडीचा नंबर आणि तारखा वहीत लिही, पोलिसात अर्ज देऊन पोच घे. हिज्कीयानेपण नुसती प्रार्थना नव्हती केली, गीहोन झऱ्याचं पाणी खडक फोडून शहरात आणलं, तो 500 मीटरच्या वरचा बोगदा आजही आहे, लोक त्यातून चालत जातात. आणि काकांना सांग, हिज्कीयाने आधी अश्शूरच्या राजाला 300 किक्कार (जुनं वजनाचं माप) चांदी आणि 30 किक्कार सोनं देऊनपण बघितलं होतं, फौज तरी आलीच.

पंचवटीकर:
मी काही चर्चवाला नाही. पण आमच्या इथे काळारामाच्या दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला, दगडं खाल्ली लोकांनी, पण हजारोंनी होते म्हणून टिकले. तू एकटा फाटकात उभा राहतोस हीच चूक. गाडी किती वाजता येते सांग, आम्ही चौघंजण चहाला येतो.

गोदाकाठ७७:
नोटीस बायबलमधेच ठेवली होती, आत्ता काढून बघितली, उत्तराला सहा दिवस राहिलेत. उद्या सीबीएस बसस्टँडजवळ वकिलाकडे जातोय. गाडी साधारण संध्याकाळी सातला येते. दादा, चहा जरा जास्तच टाकतो.