मॉन्स्टरपटांचे रिमेक: वाट बघणाऱ्यांना येडं ठरवणाऱ्यांना उत्तर

अमावस्येचा प्रेक्षक

काल इथं एकांनी लिहिलं: "फ्रँकेन्स्टाईन, ड्रॅक्युला, ममी पुन्हा पुन्हा काढणं म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. १९३१ मध्ये जे व्हायचं ते होऊन गेलं. नव्या रिमेकची वाट बघणाऱ्यांना सिनेमा कळत नाही." रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून हे लांबलचक.

मी वाट बघतोय. मार्च २०२६ मध्ये मॅगी जिलनहालचा 'द ब्राइड!' ठरलाय, फ्रँकेन्स्टाईनच्या राक्षसासाठी बनवलेल्या बाईवरचा, एप्रिलमध्ये ली क्रोनिनचा 'द ममी'. दोन्हींसाठी जीव टांगणीला लागलाय.

आता ते १९३१. ज्या जेम्स व्हेलच्या 'फ्रँकेन्स्टाईन'ची शपथ घालता तो तरी कुठून आला? मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची. एडिसनच्या कंपनीने १९१० मध्येच तिच्यावर मूकपट काढला होता. व्हेलने हाताशी घेतलं ते पेगी वेब्लिंगचं नाटक. त्याच वर्षीचा 'ड्रॅक्युला' बघा: बेला लुगोसी १९२७ मध्येच ब्रॉडवेवर तीच भूमिका करत होता. १९२२ चा 'नोस्फेराटू' तर 'ड्रॅक्युला' कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या घरच्यांना न विचारता त्याच कादंबरीवरून केलेला. स्टोकरच्या बायकोने खटला लढवला, कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, काही वाचल्या म्हणून आज आपण बघतो. पहिल्यापासून सगळे एकमेकांचं घेतच आलेत. मग रॉबर्ट एगर्सने २०२४ मध्ये तोच 'नोस्फेराटू' पुन्हा केला तर एवढा संताप कशाला?

१९३३ च्या 'इन्व्हिजिबल मॅन'मध्ये शास्त्रज्ञ अदृश्य होतो आणि त्या ताकदीने वेडापिसा होतो. २०२० मध्ये ली व्हॅनेलने गोष्ट दिली त्याच्या तावडीतून पळालेल्या बाईला. तो इथंच आहे असं ती जीव तोडून सांगते, कोणी ऐकत नाही. कॅमेरा नुसता रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहतो आणि आपण घामाघूम. जुन्यात हे नव्हतं. खर्च साधारण सत्तर लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२), क्रोननबर्गचा 'द फ्लाय' (१९८६) हेही आधीच्या सिनेमांवरूनच आले. तेही टाकून द्यायचे?

कार्बन आर्क

ती पोस्ट माझी. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मी प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये उमेदीची वर्षं घालवली. उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याचा ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. केबिनच्या झरोक्यातून मी पडद्यापेक्षा माणसं जास्त बघितली. लोक कशाने घाबरतात ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१९३१ च्या 'ड्रॅक्युला'त सुरुवातीचं 'स्वान लेक' संपलं की पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लुगोसी जिन्यावर उभा राहतो आणि सगळं चिडीचूप. आताच्या दिग्दर्शकाला अर्धा मिनिट शांतता सोसत नाही, लगेच कानठळ्या. 'फ्रँकेन्स्टाईन'मधला राक्षस करणाऱ्या कारलॉफने स्वतःच्या बसवलेल्या दाढा काढून एक गाल आत ओढला. डोळे फार जिवंत दिसतात म्हणून मेकअपवाल्या जॅक पियर्सकडून पापण्यांवर मेण चढवून घेतलं. सुरुवातीच्या नामावलीत त्याच्या नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह. सगळा सिनेमा सत्तर मिनिटांत होतो. डेल टोरोला नव्या 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये तीच गोष्ट सांगायला अडीच तास लागले.

आणि २०१७ ची 'ममी' सोयीने विसरलात. तो पडद्यावर यायच्या आधीच 'डार्क युनिव्हर्स' नावाच्या राक्षसपटांच्या अख्ख्या मालिकेची घोषणा, टॉम क्रूझ, रसेल क्रो, जॉनी डेप, हावियर बार्देम सगळ्यांचा एकत्र फोटो. सिनेमा आपटला आणि ते युनिव्हर्स तिथंच गुंडाळलं. वाट बघणारे तेव्हाही होते.

वाचनवेडी

काका, सत्तर मिनिटांत होतो कारण अर्धी कादंबरी गाळलीय. शेलीच्या कादंबरीतला तो राक्षस बोलतो, वाचतो. मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' वाचून आपण अ‍ॅडम की सैतान असा स्वतःशी झगडतो. व्हेलने त्याला गुरगुरायला लावलं. डेल टोरोने २०२५ मध्ये त्याची वाचा परत दिली आणि निम्मी गोष्ट त्याच्याच तोंडून सांगितली. मग शेलीच्या जवळ कोण गेलं?

आणि 'इन्व्हिजिबल मॅन'बद्दल एक सांगते. सासर सोडून आलेल्या माझ्या बहिणीबरोबर मी तो घरी बघत होते. मध्येच तिने बंद करायला लावला. म्हणाली, "हिचा दिसत नाही म्हणून लोक विश्वास ठेवत नाहीत. माझा तर सगळ्यांना दिसत होता." उरलेला सिनेमा तिने बऱ्याच महिन्यांनी स्वतःहून लावला आणि शेवटपर्यंत बघितला. रिमेकची गरज काय, हे मला तरी कोणी विचारू नये.

कार्बन आर्क

ताई, वाचून गलबलून आलं. तो एक सिनेमा तुमचा, त्यावर मी बोलणार नाही. पण गुरगुरायला लावलं म्हणता तर १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन'मध्ये तो बोलतो, हेही लिहा. आणि ३१ मध्ये तळ्याकाठी त्या पोरीबरोबर तो पाण्यात फुलं टाकतो तो प्रसंग आठवा. फुलं तरंगली, म्हणजे पोरगीही तरंगेल असं वाटून तो तिलाही पाण्यात टाकतो. तिथं शब्द कशाला पाहिजेत? तो तुकडा कित्येक वर्षं कापलेला होता, त्यामुळे लोक त्याच्याबद्दल नाही नाही ते समजून बसले.

आता राक्षस कॉम्प्युटरवर करतात. त्यात जीव नसतो.

सात रस्ता

"कॉम्प्युटरवर करतात, जीव नसतो." हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. मी सोलापूरचाच, पुण्यात व्हीएफएक्सला, म्हणजे सिनेमातली कॉम्प्युटरवरची दृश्यं करायच्या कामाला आहे. रोटो करतो. पडद्यावरच्या माणसाची कड एकेका फ्रेमला हाताने कापायची, सेकंदाला चोवीस फ्रेम. वाऱ्यावर केस उडत असले की दिवस गेलाच. काम होत आलं की वरून निरोप येतो: राक्षस बदललाय, पुन्हा करा, परवा द्या. रात्र रात्र आम्ही जागतो, आणि सिनेमा पडला की बोलणी आम्हाला. ज्याने पटकथा लिहिली त्याला कोणी काही विचारत नाही.

'गॉडझिला मायनस वन' (२०२३) साधारण पस्तीस जणांनी केला, ६१० शॉट. दिग्दर्शक यामाझाकी स्वतः व्हीएफएक्स सांभाळत होता. ऑस्कर मिळालं. १९५४ च्या गॉडझिलात रबरी सूट घातलेला माणूस होता आणि अणुबॉम्बची जखम ओली होती. नव्यात युद्धातून जिवंत परतलेल्या वैमानिकाची लाज आहे. राक्षस कॉम्प्युटरवरच केलाय. सांगा त्यात जीव नाही म्हणून.

अमावस्येचा प्रेक्षक

लाखातलं बोललास भावा. आणि काका, डेल टोरोने जहाज खरंखुरं बांधलं, जेकब एलॉर्डीचा चेहरा मेकअपने केलाय, तासन् तास खुर्चीत बसवून. तुम्ही कारलॉफबद्दल जे सांगता तेच. तुम्ही तो सिनेमा पूर्ण बघितला का?

कार्बन आर्क

अर्धा. मुलाच्या फोनवर. पुढे बघवला नाही. सोलापुरात मोठ्या पडद्यावर लागलाच नाही, सरळ नेटफ्लिक्सवर. हॉरर अंधारात शेकडो माणसांबरोबर बघायचा असतो. 'पुराना मंदिर'च्या एका शोला ऐन वेळी लाईट गेली. बाल्कनीत एक बाई किंचाळली, तिचं ऐकून खालचे ओरडले, आणि जनरेटर चालू होईपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. फोनवर एकट्याने बघणाऱ्यांनी भीतीच्या गोष्टी करू नयेत.

पूर्वभाग

काका, हे ऐकून घेणार नाही. मी यंत्रमागावर टॉवेल काढतो, रात्रपाळी. आत शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन मी 'फ्रँकेन्स्टाईन' तुकड्या तुकड्याने फोनवरच बघितला. तो आंधळ्या म्हाताऱ्याजवळ राहतो ना, तिथं डोळे भरून आले, तसाच परत मागावर गेलो. मला बोलायचा हक्क नाही? चौघांना घेऊन मल्टिप्लेक्सला गेलं तर आठवड्याचा बाजार जातो.

सात रस्ता

पैसे असले तरी बघणार कुठं? इंग्रजी हॉरर आपल्याकडे आला तर रात्रीच्या शेवटच्या शोला, तोही हिंदी डब, आणि पुढच्या शुक्रवारी गायब. बाकी सगळे शो तेलुगूला.

पूर्वभाग

आलं तेलुगूवर. काहीही झालं की शेवटी आमच्यावरच. तेलुगूला शो मिळतात कारण आम्ही जातो, घरदार घेऊन जातो. 'अरुंधती' (२००९) मी आजीला घेऊन बघितला. तिला मराठी तुटकंच यायचं. सोनू सूदचा तो अघोरी पडद्यावर आला तशी माझा हात धरून बसली, घरी आल्यावर सगळ्यांची दृष्ट काढली. तुमच्या इंग्रजी शोला खुर्च्या रिकाम्या असतात, त्याला आम्ही काय करणार? तुम्ही टेलिग्रामवर फुकट बघणार आणि थिएटरवाल्याला शिव्या घालणार.

सात रस्ता

टेलिग्रामचं नाव काढू नको बे. माझं पोट याच धंद्यावर आहे. फुकटात बघणाऱ्यांमुळे आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या जातात. मी तेलुगूच्या विरोधात नाही, रोज त्यांचेच शॉट करतो. एक शो, फक्त एक शो इंग्रजीला द्या म्हणतोय.

वाचनवेडी

आणि तो एक शो रात्री साडेदहाचा नको. सिनेमा सुटतो एकच्या पुढे, बाहेर रिक्षा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही मैत्रिणींनी हॉरर थिएटरात बघणं सोडलं ते याच कारणाने. रिकाम्या खुर्च्या मोजताना आम्हालाही मोजा. भीतीचे सिनेमे फक्त पोरांसाठी असतात हे कोणी ठरवलं?

कार्बन आर्क

तुम्ही शोवर भांडताय, इथं थिएटरच उरली नाहीत. एका पडद्याची किती थिएटरं या गावात डोळ्यांदेखत मंगल कार्यालयं झाली, दुकानं झाली, नुसती कुलपं लागली. आमचं बंद झालं तेव्हा मशीन भंगारात गेलं, किलोवर. ज्या मशीनला मी रोज तेल घातलं. मालकाने विचारलंसुद्धा नाही. गिरण्या गेल्या, गिरणीचा प्रेक्षक गेला, मग आम्ही गेलो. तेव्हापासून नवं काही आलं की माझा जीव त्यात रमत नाही, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

पूर्वभागवाल्या भावाला जे बोललो ते जरा जास्त झालं. फोनचं मत मात्र तेच आहे.

अमावस्येचा प्रेक्षक

काका, लोक थिएटरात येतात. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. ओटीटीवर बघून झालेली माणसं तिकीट काढून अंधारात बसायला आली.

कार्बन आर्क

'तुंबाड' उत्तम. मी दोन्ही वेळा थिएटरात बघितला. पण तो रिमेक नाही! हेच कालपासून सांगतोय. नवं भूत आणा. आपल्या मातीत मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे. युरोपातलं तेच प्रेत किती वेळा उठवणार?

अमावस्येचा प्रेक्षक

'तुंबाड'मधली आजी नारायण धारपांच्या गोष्टीवरून आलीय. 'झपाटलेला' (१९९३) घ्या, बाहुल्यात गुंडाचा जीव ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'ची. पण रामदास पाध्येंनी तो बाहुला हातात घेतला आणि तात्या विंचू आपला झाला. आमच्या गल्लीत पोरं त्याच्या भीतीने संध्याकाळी माडीवर जायची नाहीत. घेतलेल्या गोष्टीत आपला जीव ओतणारा माणूस लागतो. जिलनहालकडून मला तीच आशा आहे. १९३५ च्या सिनेमात ती ब्राइड शेवटच्या काही मिनिटांपुरती येते, एक शब्द बोलत नाही, फुत्कारते आणि संपते. तिची गोष्ट कोणी नीट सांगितलीच नाही. ती ऐकायची वाट बघणं चूक असेल तर असू दे.

कार्बन आर्क

ब्राइडचं बोललात ते खरं आहे. तिला फार थोडा वेळ मिळाला. एल्सा लँचेस्टर त्या थोड्या वेळात सगळा सिनेमा खाऊन गेली म्हणून आपण अजून बोलतोय, हेही खरं.

इथं मोठ्या पडद्यावर लागला तर येईन. वाईट निघाला तर इथंच सविस्तर लिहीन, आणि कोणी मध्ये पडायचं नाही.

वाचनवेडी

दुपारचा शो असेल तर मी आणि बहीण, दोघी.

पूर्वभाग

दुपारचा मलाही चालेल, तीनपर्यंत झोप होते. पण हिंदी डब पाहिजे.

वाचनवेडी

डब असेल तर मी नाही येणार. ब्राइड करणाऱ्या जेसी बकलीचा आवाज काढून टाकल्यावर बघायचं काय?

पूर्वभाग

ताई, तुम्हाला इंग्रजी येतं. मी पडद्यावरची बाई बघू की खालची अक्षरं वाचू? रात्रभर जागून आल्यावर?

अमावस्येचा प्रेक्षक

थिएटरवाल्याला मी जाऊन विचारतो, दुपारचा शो देतो का. भाषेचं तुम्ही आपसात ठरवा.

पूर्वभाग

ठरवायचं काही नाही. डबच.