वजनकाट्यावर खुजेपणा दिसत नाही

बरेच जण म्हणतात, वजन वाढलं म्हणजे मूल सुधारलं. पण उंची खुंटलीय का, हे वयानुसार उंची बघूनच कळतं. दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं, पुढे उभं. उभ्याने माप साधारण 0.7 सेंमी कमी भरतं. आडवं मोजताना एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून तळव्यांना सरकती फळी लावायची. अंगणवाडीत सेविका एकटीच असली की इथेच घोळ! गुडघा वाकला, सेंटिमीटरभर गायब. जन्मतारीख अंदाजे असेल तर अचूक मापही फुकट.

आणि मापाइतकंच बाळाचं खाणंही बघा. आपल्या सोलापुरात घरोघरी शेंगाचटणी, पण सहा महिन्यांच्या बाळाला नुसतं वरणाचं पाणी. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट वरण, भात कुस्करून, वर चमचाभर तेल द्या.