वकीलपत्र न घेण्याचा ठराव आणि माझा राजीनामा

काळा कोट:
एका बालिकेवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात आरोपीचे वकीलपत्र कोणत्याही सभासदाने घेऊ नये, असा ठराव आमच्या तालुका वकील संघाने मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी मी संघाच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. ते वकीलपत्र मला स्वतःला नकोच होते, आजही नको आहे. परंतु ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव रद्दबातल ठरवले असताना आणि अटक झालेल्या प्रत्येकाला पसंतीच्या वकिलाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) ने दिलेला असताना, या ठरावाला माझीही संमती होती असे कोणी समजू नये, एवढ्यासाठी मी बाहेर पडलो. सनद बार कौन्सिलची असल्याने ती शाबूत आहे. गेली ती बार रूममधली खिडकीजवळची खुर्ची. माझे चुकले का?

जुना सचिव:
चुकले. सभेत आपण विरोध नोंदवला होता का? इतिवृत्ताची वही मी अनेक वर्षे लिहिली आहे. राजीनामा ‘मंजूर’ या एका शब्दात निकाली निघतो. विरोध मात्र नावानिशी लिहावा लागतो आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना सर्वांसमोर पुन्हा वाचला जातो.

फिर्यादीची बाजू:
तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहणाऱ्या त्या आईचा विचार आपण दोघांनीही केलेला दिसत नाही. एक वकील वकीलपत्र नाकारू शकतो, तर चाळीस जणांनी मिळून नाकारले म्हणून काय बिघडले? विधी सेवा समिती वकील देतेच.

काळा कोट:
चाळीस जणांनी आपापल्या मनाने नाकारले तर एक्केचाळिसावा मोकळा राहतो. ठराव त्यालाही बांधतो. समितीच्या यादीतले वकीलही याच संघाचे सभासद आहेत. त्या आईविषयी म्हणाल, तर डिसेंबर १९९७ मधील दिल्लीच्या बसस्फोट खटल्यात आरोपीला वकिलाची खरी मदत मिळाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले. इतक्या वर्षांनी पुन्हा साक्ष द्यायला उभे राहणे या मुलीच्या वाट्याला यावे का?

सचिवसाहेब, आपला प्रश्न मात्र वर्मी लागला. मी मागच्या रांगेत होतो. हात वर केला नाही, पण उठून बोललोही नाही.

जुना सचिव:
मग कार्यकारिणीने मंजूर करण्यापूर्वी राजीनामा मागे घ्या आणि हा दिल्लीचा निकाल सभेपुढे ठेवा.

काळा कोट:
मागे घेणार नाही. मात्र राजीनाम्याचे पत्र सभेत पूर्ण वाचून इतिवृत्तात जसेच्या तसे उतरवावे, असा अर्ज आज संघाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे.