पावोनच्या लढाईत उर्किसांनी माघार का घेतली?

प्रश्न (अमळनेर): १७ सप्टेंबर १८६१ रोजी अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतात झालेल्या लढाईत प्रांतांच्या महासंघाचे सेनापती उर्किसा यांच्या घोडदळाने ब्वेनोस आयरेसचे सेनापती मित्रे यांचे घोडदळ उधळून लावले होते, तरीही उर्किसा रण सोडून आपल्या एंत्रे रिओस प्रांतात का परतले, हे मला अनेक दिवस अस्वस्थ करत आहे.

उत्तर (धुळे): घोडदळ जिंकले तरी मध्यभागी मित्रे यांच्या पायदळाने महासंघाची फळी मोडली होती, हे विसरू नये. शिवाय महासंघाचे राष्ट्राध्यक्ष देर्की यांच्याशी उर्किसांचे बिनसले होते. माझ्या मते त्यांना आपला प्रांत आणि सैन्य शाबूत राखायचे होते.

उत्तर (चोपडा): मूळ भांडण ब्वेनोस आयरेस बंदराच्या जकातीचे होते; ती ते शहर एकटेच ठेवत असे. मुंबई बंदरातल्या भावावर ज्यांच्या कापसाचे भवितव्य ठरत असे, त्या खान्देशी शेतकऱ्यांच्या वंशजांना आतल्या प्रांतांची ही चीड सहज उमजावी. १८५९ मध्ये सेपेदा येथे उर्किसा जिंकले आणि ब्वेनोस आयरेसने महासंघात येण्याचे मान्य केले, पण तिजोरीचे बळ त्या शहराकडेच राहिले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग १८६२ मध्ये मित्रे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा उर्किसांचा प्रांत त्यांच्याच हाती राहिला का?

उत्तर (धुळे): होय, पण त्या माघारीचा राग त्यांच्या अनुयायांच्या मनातून गेला नाही. १८७० मध्ये बंडखोरांनी त्यांच्याच वाड्यात त्यांची हत्या केली.