मारुती 800 च्या फ्लोअरला पंजाएवढं भोक, घरी जमेल काय?

जुनी_आठशे (त्रिमूर्ती नगर)

नमस्कार मंडळी. बाबांची 1997 ची मारुती 800 आहे, एमएच-31 (नागपूर) पासिंग, पांढरी, कार्बोरेटरवाली. बाबा आता चालवत नाहीत, पण सकाळचा चहा झाला की फडकं घेऊन बोनेट पुसतात. त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही.

रविवारी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली. खालचं फेल्ट पिळलं तर चक्क पाणी निघालं. पेचकस टोचून पाहिला, तो मुठीपर्यंत आत गेला. भोक हाताच्या पंजाएवढं. त्यात लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापलेली होती आणि लांबीच्या पोटात वर्तमानपत्राचा बोळा. उलगडला तर राशिभविष्य! अर्धं सडलेलं, पण तूळ आणि वृश्चिक वाचता येत होतं. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने "पूर्ण पतरा नवा टाकला साहेब" म्हणून याच कामाचे नऊ हजार घेतले होते.

आता दुसरा डेंटर फ्लोअर आणि उजवा रनिंग बोर्ड (दरवाजाखालची पट्टी) मिळून 22 हजार सांगून राहिला. माझ्याकडे ग्राइंडर आहे, ड्रिल आहे, वेल्डिंगचा अनुभव शून्य. शेजारचे काका आर्क मशीन द्यायला तयार आहेत. की फायबरची जाळी आणि रेझिन लावून भागेल? पाऊस लागायच्या आत संपवायचं आहे.

ऑरेंज_सिटी_रायडर

भंगारात द्या भाऊ. री-पासिंगची फी, ग्रीन टॅक्स, त्यात हा खर्च. 22 हजारात चांगली सेकंडहँड स्कूटर येते.

फियाटवाला_मानेवाडा

वरच्या भाऊंचा हिशोब बरोबर आहे, पण बोनेट पुसणारा माणूस त्या हिशोबात बसत नाही. असो.

आधी एक सांगा, मे महिन्यात फेल्ट ओलं काहून? आपल्याकडे या दिवसांत ओला टॉवेल दोरीवर टाकून वळलो की कडक झालेला असतो. म्हणजे पाणी रोज येऊन राहिलं आहे. ते कुठून येते ते सापडेपर्यंत पतऱ्याला हात लावू नका. मी माझ्या फियाट पद्मिनीचा फ्लोअर दोनदा केला. पहिल्यांदा पाणी शोधलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा करावा लागला. समोरच्या काचेचं रबर, वायपरखालची जाळी, पेडलच्या मागची ग्रोमेट्स (वायरींच्या भोकातली रबरं), दरवाजाचं बीडिंग, एवढ्या जागा पाहा. एकाला आत बसवा, बाहेरून पाइप मारा. खालून सुरुवात करून वर जा, नाहीतर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

फायबरचं म्हणाल तर दरवाजाच्या बाहेरच्या कातडीला एक वेळ चालेल. फ्लोअरवर सीटचे बोल्ट आहेत, रनिंग बोर्ड बॉडीचं वजन उचलतो. तिथे लोखंडाला लोखंडच पाहिजे. शिवाय गंजावर रेझिन चिकटत नाही, ते फक्त गंजाला झाकून ठेवते आणि तो आत निवांत खात बसतो.

ग्राइंडरला वायर कप (तारांचा ब्रश) लावून चकचकीत पतरा दिसेपर्यंत साफ करा. भोक पंजाएवढं दिसते ना, साफ केल्यावर ताटलीएवढं होईल. घाबरू नका, सगळ्यांचं होते. कोपऱ्यात जिथे कप पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक आम्लवालं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा, लाल गंज काळा पडतो. पण पापुद्रे आधी खरवडून काढा. पापुद्र्यावर लावलं तर वरचा थर तेवढा काळा होतो.

टाका_हिंगणा

मी एमआयडीसीत वेल्डिंगवर आहे, म्हणून बोलतो. आर्क मशीन काकांना परत करा. गाडीचा पतरा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते, त्यावर अडीच मिलिमीटरची वेल्डिंगची कांडी टेकवली की भोकाची खिडकी होते. सीओटू मशीन (गॅस आणि बारीक तारेने वेल्डिंग करणारं) पाहिजे, तार 0.8 मिलिमीटरची. तेही लांब रेघ ओढायची नाही. एक ठिपका इकडे, एक पार तिकडे, मधे थंड होऊ द्या. नाहीतर पतरा पापडासारखा फुगते.

तुम्ही खरडणं, कापणं, प्राइमर हे घरी करा आणि टाके मारायला अर्ध्या दिवसासाठी वेल्डर बोलवा. पैसा खरडण्यातच जातो. पतरा लोहा ओळीतून 20 गेज जाडीचा सीआर (जस्त न चढवलेला) आणा. जीआय (जस्त चढवलेला) स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. मला आला आहे.

ठिणगी पडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, फेल्ट आणि सीट बाहेर. पेट्रोलची नळी कुठून गेली ते खाली वाकून डोळ्यांनी पाहा, अंदाजावर जाऊ नका. पाण्याची बादली, ओलं पोतं जवळ ठेवा. काम झाल्यावर अर्धा तास गाडीपासून हलू नका.

फियाटवाला_मानेवाडा

हौ, हे बरोबर. माझं थोडं राहिलं होतं. टाक्यांवर दोन डब्ब्यांचा इपॉक्सी प्राइमर मारा. साधा रेड ऑक्साइड पाणी धरते. जोडावर दोन्ही बाजूंनी सीलंट, मग खालून कोटिंग. लांबी लागलीच तर प्राइमरवर, पातळ. हार्डनर शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. काम सकाळी सातच्या आत उरका, बारा वाजता पत्तीवरच दगड होते. मी एकदा अख्खा डब्बा असा घालवला, बायको अजून तो दाराला अडकण म्हणून वापरते.

दरवाजाच्या आणि रनिंग बोर्डच्या खालची बारीक भोकं मात्र बुजवू नका. ती कंपनीने पाणी निघायला दिलेली असतात.

जुनी_आठशे

सापडलं! पुतण्याला आत टॉर्च घेऊन बसवलं. काच, दरवाजे सगळं कोरडं. वायपरखालच्या जाळीवर पाइप धरला आणि तो ओरडला, "काका, पायावर!" जाळी उघडली तर आत कडुनिंबाच्या पानांचा मूठभर काळा चिखल, पाणी जायची वाट बंद.

पण मे महिन्यात पाऊस कुठला, हे कोडं राहिलंच होतं. संध्याकाळी गाडीशेजारी उभा होतो तेव्हा मानेवर थेंब पडला. वरच्या खोलीचा कूलर. फ्लोट बिघडला आहे, टाकी भरून वाहते. बरोबर त्या जाळीवर.

टाका_हिंगणा

कूलरचं पाणी उडून उडून खारं होते. टाकीच्या कडेला पांढरी खपली पाहा. गंजाला साध्या पाण्यापेक्षा ते जास्त मानवते.

जुनी_आठशे

खपली आहे, बोटाएवढी जाड. फ्लोट बदलला. बाबांना म्हटलं गाडी चार फूट मागे घेऊ, तर म्हणाले सावली इथेच येते, कूलर हलव. कूलर खिडकीत पक्का आहे, म्हणून खाली पन्हाळी लावून पाणी नालीत सोडलं. सीट आणि फेल्ट काढून झालं. फेल्ट गच्चीवर टाकलं, दुपारपर्यंत वाळलं. वेल्डर शनिवारी येणार आहे, तोवर खरडणं चालू. भोक ताटलीएवढं झालं.