फुकट घर कोणाला? ज्याच्याकडे आधी झोपडी होती त्याला!

माझगावकर
मुंबईतल्या १९९५च्या झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत झोपडीच्या बदल्यात मिळणारं घर होतं २२५ चौरस फुटांचं, आता ३००. पात्रतेची तारीखही १ जानेवारी १९९५वरून २०००वर सरकली. २०११पर्यंतच्यांना पैसे भरून घर. एक अट मात्र जागची हलत नाही : आधी झोपडी हवी आणि तिचा कागद हवा. आमच्या नाक्यावर फुलांच्या वेण्या करणारी बाई रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत घालून पोटाशी बांधून ठेवते, कारण दोनदा तोडकामाच्या गाडीने ताडपत्रीसकट कागद नेले. अशी माणसं रस्त्यावरच राहतात ती या धोरणामुळेच.

हिशेबनीस
काहीही! पदपथावरच्या झोपड्याही योजनेत धरतात. आणि तारीख काढून टाकली तर रातोरात पन्नास ताडपत्र्या उभ्या राहतील, मग कोण देणार घरं? मी वीस वर्षं हप्ते फेडतोय. फुकटचं घर भाड्याने देऊन परत नाल्याकाठी राहायला गेलेले दोघे तर आमच्याच ओळखीचे.

माझगावकर
झोपड्या धरतात हो, नुसते झोपणारे नाही. त्यांनी कशाचा फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) दाखवायचा?

मंजिरी_कुर्ला
तुम्ही दोघंही मालकीच्या घरावरच भांडताय. गिरण्यांच्या काळात नवा माणूस खोलीत वळकटीपुरती जागा भाड्याने घ्यायचा, पाळीपाळीने झोपायचा. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली आणि चाळी बांधणं कोणाला परवडेना. २०११च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. कुलूप चालेल, भाडेकरू नको!

हिशेबनीस
ताई, आता अकरा महिन्यांचा करार होतो, भाडं कुठे गोठतंय? रिकामी घरं गुंतवणुकीची, ती वेणीवालीला परवडणार आहेत थोडीच! तिच्यासाठी रात्रनिवारे आहेत.

मंजिरी_कुर्ला
निकष आहे एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक. मुंबईची वस्ती २०११लाच १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. तुमच्या वॉर्डातला एक सांगा बरं, गुगल न करता.

हिशेबनीस
नाही सांगता येणार, मान्य. पण तो दाखवला तरी ती जाईल का?

माझगावकर
मी विचारलं होतं. म्हणाली, "दादा, फुलं पहाटे दादरला घ्यावी लागतात. निवाऱ्यातून तिथे चालत जाता येईल का?"