जार (वार) पडायची वाट बघू नका

वासराला पाजलेलं प्रत्येक लिटर दूध डेअरी सोसायटीत विकायचं राहतं, असं काही जण म्हणतात. मोठ्या वासराच्या बाबतीत तो हिशेब ठीक, पण व्यायल्यावरच्या पहिल्या दिवसांना तो लागू होत नाही. चिकाचं दूध, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, तापवलं की फाटतं, म्हणून सोसायटी ते घेतच नाही. मग ते वासराच्या पोटात जाऊ द्या.

पण चीक कधी पाजायचा, त्या वेळेबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अजूनही कितीतरी गोठ्यांत जार पडेपर्यंत गायीच्या आचळाला हात लावत नाहीत. वासरू तोवर थरथरत उभं, आईची कास ढुसण्या देत शोधतंय, आणि त्याला मागे ओढून बांधलेलं. बघवत नाही! रोगाशी लढायची ताकद गर्भात असताना वासराला मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि ती शोषून घ्यायची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत 24 तासांत जवळपास संपते. त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांतच पाजायला हवं. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे 25 किलोच्या संकरित वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. उभं राहता येत नसेल तर पिळून बाटलीने पाजा. वासरू लुचलं की पान्हा सुटतो, त्याबरोबर गर्भाशयही आकसतं, म्हणजे जार पडायला उलट मदतच होते. खरवस उरलेल्या चिकाचा करा. आणि पावसाळ्यात गोठा ओला असतो, तेव्हा नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नका.